आवाजाला पाय फुटले: जपानमधले सेइयू आणि आयडॉल

एखाद्या पार्श्वगायिकेला उद्या कुणी सांगितलं की बाई, गाणं तर तुम्ही म्हणायचंच, पण नायिकेच्या वेषात, तिने पडद्यावर टाकलेली पावलं जशीच्या तशी टाकत, पन्नास हजार लोकांसमोर म्हणायचं, तर ती काय उत्तर देईल? जपानमध्ये ॲनिमेला, म्हणजे तिथल्या ॲनिमेशनपटांना, आवाज देणाऱ्या कलाकारांपुढे गेली वीस वर्षं हीच मागणी आहे. बऱ्याच जणी ती पूर्ण करतात. काही जणी तर त्यासाठीच या धंद्यात येतात.

आवाजाच्या अभिनेत्याला जपानीत सेइयू म्हणतात. आयडॉल म्हणजे गाणारा-नाचणारा तरुण कलाकार, एवढी व्याख्या पुरत नाही. आयडॉल उत्तम गायलीच पाहिजे अशी अपेक्षा नसते. ती चाहत्यांच्या डोळ्यांदेखत शिकते, चुकते, सुधारते, आणि हे सुधारणं पाहायला लोक पैसे देतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार तान्जो’ या टीव्हीवरच्या स्पर्धेने नवख्या मुलींना घराघरांत नेलं, तिथून ही चाल रुळली. एकेबी४८ या मुलींच्या गटाने तिचं पक्कं यंत्र केलं. ८ डिसेंबर २००५ रोजी तोक्योतल्या अकिहाबारात, एका दुकानाच्या आठव्या मजल्यावरच्या अडीचशे जागांच्या नाट्यगृहात त्यांचा पहिला प्रयोग झाला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते सात. ‘भेटता येतील अशा आयडॉल’ हे त्यांचं ब्रीद. सीडीत हस्तांदोलनाचं कूपन असायचं आणि २००९ ते २०१८ दरवर्षी मतपत्रिकाही. कुठल्या मुली पुढच्या ओळीत उभ्या राहणार हे सीडी विकत घेणारे ठरवत. अर्थात एक माणूस एक मत असा प्रकार नव्हता, जितक्या सीडी तितकी मतं. २०१७ मध्ये फुकुओकातल्या एका माणसाने एकेबी४८ च्या ५८५ सीडी डोंगरात फेकून दिल्या आणि बेकायदा कचरा टाकल्याबद्दल पोलिसांच्या तावडीत सापडला. कूपन काढून घेतल्यावर सीडीची किंमत किती उरते, ते यावरून कळावं.

आता हे यंत्र आवाजाच्या धंद्याला जोडलं गेलं ते का? उत्तर पगारपत्रकात आहे.

जपानी अभिनेता संघटनेच्या दरपत्रकात सेइयूंच्या श्रेणी आहेत. पहिली तीन वर्षं ‘ज्युनियर’. या काळात टीव्हीवरच्या अर्ध्या तासाच्या भागाला १५,००० येन मिळतात, म्हणजे आठ-नऊ हजार रुपयांच्या आसपास. एकच ओळ बोला की शंभर ओळी बोला, दर तोच. एक हंगाम १२-१३ भागांचा. मुख्य भूमिका मिळाली तरी तीन महिन्यांच्या मालिकेचे जेमतेम दोन लाख येन हातात पडतात, आणि त्यातून एजन्सीचा वाटा जातो. तोक्योत एवढ्यात खोलीचं भाडंही धड भागत नाही. पुढे श्रेणी वाढत वाढत ४५,००० येनपर्यंत जाते आणि त्याच्यावर ‘नो रँक’, म्हणजे दर बोलून ठरवायचा. पण श्रेणी वाढली की एक गोची होते. ‘वेटर क्रमांक २’ या भूमिकेसाठी निर्माता महागडा माणूस कशाला घेईल? ज्युनियरपद संपल्यावर कामं एकदम आटणं, हा या क्षेत्रातला ओळखीचा खड्डा आहे.

स्टुडिओतलं काम वेळही खातं. चित्र पाहत आवाज भरण्याला आफुरेको म्हणतात. सकाळी दहाची किंवा दुपारी चारची पाळी, एका भागाला चार-पाच तास. खोलीत माइक तीन किंवा चार आणि कलाकार दहा-पंधरा. आपली ओळ आली की पाऊल न वाजवता माइकपाशी जायचं, कागदाचा आवाज न होता पान उलटायचं आणि मागच्याला जागा करून द्यायची. बऱ्याचदा चित्रही पूर्ण झालेलं नसतं. पडद्यावर नुसत्या पेन्सिलरेषा असतात आणि पात्राच्या नावाची पट्टी दिसते तेवढा वेळ बोलायचं असतं. हे कसब खरं, पण त्याचा दर वर सांगितला तेवढाच.

त्यामुळे उरलेला पैसा बाहेरून येतो. गाण्याची सीडी, रेडिओ कार्यक्रम, मोबाइल गेम, जाहीर कार्यक्रम, टी-शर्ट, टॉवेल, फोटो. कार्यक्रमात उभं राहायचं तर चेहरा हवा, गळा हवा, नाच हवा. म्हणून निवडीच्या वेळी आवाजाबरोबर गाणं आणि नाच तपासला जाऊ लागला. ‘हल्ली अभिनय येत नसला तरी चेहरा पाहून घेतात’ अशी तक्रार जुने चाहते करतात. तिच्यात थोडं तथ्य आहे, पण पंधरा हजार येनचा हिशेब विसरून ती केली तर अर्धवट राहते.

गाणारे सेइयू काही नवे नाहीत. १९७०च्या दशकाच्या शेवटी तरुण सेइयूंनी ‘स्लॅपस्टिक’ नावाचा बँड काढला होता. १९८२ च्या ‘माक्रोस’ या ॲनिमे मालिकेतली लिन मिनमे ही पात्र म्हणूनच गायिका होती. तिला आवाज आणि गाणी, दोन्ही इइजिमा मारीने दिली. पुढच्याच वर्षी ‘क्रीमी मामी’त उलट दिशेने प्रवास झाला. ओता ताकाको ही नवी आयडॉल गायिका आणि मालिका यांचं पदार्पण एकत्रच झालं. १९९०च्या दशकात हायाशिबारा मेगुमी, शीना हेकिरू या सेइयूंच्या काळात सेइयूंची खास मासिकं निघाली आणि १९९७ मध्ये शीनाने निप्पोन बुदोकान सभागृहात एकटीने कार्यक्रम केला. मग मिझुकी नाना. २००९ मध्ये तिचा अल्बम ओरिकॉन या विक्रीच्या यादीत पहिला आला, त्याच वर्षअखेरीस ‘कोहाकु उता गास्सेन’ या एनएचके वाहिनीच्या मानाच्या कार्यक्रमात ती गायली, २०११ मध्ये तोक्यो डोम हे स्टेडियम भरवलं. तिन्ही गोष्टी करणारी ती पहिली सेइयू.

पण मिझुकी मंचावर मिझुकी म्हणूनच उभी राहते. खरी गुंतागुंत सुरू होते ती कलाकार पात्र म्हणून मंचावर येते तेव्हा.

‘दि आयडॉलमास्टर’ हा नामको कंपनीचा गेम जुलै २००५ मध्ये आर्केडमध्ये (नाणी टाकून खेळायच्या गेमघरांत) आला, म्हणजे एकेबी४८ च्या पाच महिने आधी. खेळणारा इथे निर्माता असतो, मुलींना तालीम देऊन मोठं करतो. चाहते आजही स्वतःला ‘प्रोड्यूसर’ म्हणवतात, टोपणनावापुढे ‘पी’ लावतात आणि सभागृहाबाहेर एकमेकांना रीतसर छापलेली व्हिजिटिंग कार्डं देतात, दोन्ही हातांनी, किंचित वाकून. २०११ मधल्या ‘सिंड्रेला गर्ल्स’ या मोबाइल आवृत्तीत दीडशेहून जास्त पात्रं होती आणि सुरुवातीला त्यांतल्या बहुतेकांना आवाजच नव्हता. मतदानात वर आलेल्या काही पात्रांना नंतर सेइयू मिळाली. म्हणजे इथे मतं देऊन तुमच्या आवडत्या पात्राला वाचा फुटते! एकेबीची निवडणूक आणि हे मतदान शेजारी ठेवून पाहा, घराणं एकच आहे.

‘लव्ह लाइव्ह!’ २०१० मध्ये सुरू झाला तो एक मासिक, एक ॲनिमेशन स्टुडिओ आणि एक संगीत कंपनी यांचा भागीदारी प्रकल्प म्हणून. नऊ शाळकरी मुली, त्यांना आवाज देणाऱ्या नऊ जणी. गटाचं ‘म्यूझ’ हे नावही वाचकांच्या मतांनी ठरलं. पहिल्या सीडीच्या सुरुवातीला ४३४ प्रती खपल्या, हा आकडा चाहत्यांना तोंडपाठ असतो. ॲनिमे मालिका २०१३ मध्ये आली आणि चित्र पालटलं. २०१५ च्या वर्षअखेरीस गट ‘कोहाकु’मध्ये होता. ३१ मार्च आणि १ एप्रिल २०१६ रोजी तोक्यो डोममध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला.

लव्ह लाइव्हने रुजवलेलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. मागच्या मोठ्या पडद्यावर ॲनिमेतलं गाणं चालू असतं. पुढे नऊ जणी त्याच पोशाखात, त्याच जागांवर, तोच नाच करतात. पडद्यावर डावीकडची मुलगी हात उचलते त्याच क्षणी मंचावर डावीकडची हात उचलते. प्रेक्षकांचे डोळे वर-खाली होत राहतात आणि दोघींमधला फरक हळूहळू पुसट होतो. चाहते कलाकाराला ‘नाका नो हितो’ म्हणतात, शब्दशः ‘आतली व्यक्ती’. कार्यक्रमात मात्र ती बाहेर आलेली असते आणि पात्र तिच्यात शिरलेलं असतं. आपल्याकडे दशावतारात राजाचं सोंग घेतलेला माणूस मंचावर राजाच असतो आणि उतरल्यावर गावातलाच कुणी बाबू होतो. इथे मात्र बाबूला उतरता येत नाही, कारण त्याचाही फोटो विक्रीला आहे.

याच्या आणखी टोकाचेही प्रयोग झाले. ‘वेक अप, गर्ल्स!’ मध्ये सात नवख्या मुली निवडल्या आणि पात्रांना त्यांचीच पाळण्यातली नावं दिली. ‘बँग ड्रीम!’ मध्ये सेइयू खरोखर गिटार, ड्रम वाजवतात. पुरुषांच्या बाजूला ‘उता नो प्रिन्स-सामा’ आहे. ‘हिप्नोसिस माइक’ २०१७ मध्ये आला. त्यात रॅप करणारे गट एकमेकांशी लढतात, आणि लढत कोण जिंकलं हे सीडीतल्या कोडने दिलेल्या मतांवर ठरतं. घराणं पुन्हा तेच.

फायदा उघड आहे. पात्र म्हातारं होत नाही, त्याचं लफडं बाहेर येत नाही, दरवर्षी त्याचा सोळावा वाढदिवस साजरा करता येतो. पण कलाकार माणूस आहे, आणि शिवण उसवते ती तिथेच. लव्ह लाइव्हच्या निजिगासाकी गटात सेत्सुनाचं पात्र करणाऱ्या कुसुनोकी तोमोरीने नोव्हेंबर २०२२ मध्ये, प्रकृतीच्या कारणाने मार्च २०२३ अखेर ही भूमिका सोडत असल्याचं जाहीर केलं. तिचा आवाज शाबूत होता, इतर मालिकांत ती उत्तम कामही करत होती. पण या भूमिकेत नाच धरलेला होता आणि शरीर तो झेपू देत नव्हतं. पात्र हायाशी कोकोकडे गेलं. नुसत्या आवाजाची भूमिका असती तर ही वेळ आली नसती. भूमिकेच्या करारात पाय कधी शिरले, यावर चाहत्यांमध्ये तेव्हा बरीच चर्चा झाली आणि ती होणं रास्तच होतं.

दुसरी उसवणारी जागा प्रेमाची. आयडॉलांच्या करारात ‘प्रेम बंद’ असं कलम असू शकतं. सप्टेंबर २०१५ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने असं कलम मोडणाऱ्या माजी आयडॉलला ६,५०,००० येन भरपाई द्यायला लावली. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, दुसऱ्या खटल्यात त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला: प्रेम करणं हा सुखाच्या शोधाच्या हक्काचा भाग आहे, भरपाई नाही. सेइयू बहुधा एजन्सीशी जोडलेले स्वतंत्र कलाकार असतात आणि लग्न करतात. जुलै २०२० मध्ये लागोपाठ दोन दिवसांत मिझुकी नानाचं लग्न आणि हानाझावा काना व ओनो केन्शो या दोन सेइयूंचं लग्न जाहीर झालं आणि बहुतेकांनी अभिनंदनच केलं. पण आयडॉल प्रकल्पातल्या विशीतल्या सेइयूकडून आयडॉलसारखंच वागण्याची अपेक्षा ठेवणारे चाहते असतात. खरंच प्रेमात पडलेल्यांना ‘गाचिकोई’ म्हणतात. लग्नाची बातमी आली की यांच्यातले काही जमवलेलं सगळं सामान विकायला काढतात. चाहतेपण सोडण्याला ‘ताकाई’, म्हणजे परलोकी जाणं, असा शब्द आहे. चेष्टेचाच, पण अगदीच खोटा नाही.

शब्दांचं निघालंच आहे तर आणखी थोडे, कारण ते माहीत नसले की चाहत्यांचं बोलणं कळत नाही. ज्याला पाठिंबा द्यायचा तो ‘ओशी’. पूर्ण गटच आवडत असेल तर ‘हाको-ओशी’, हाको म्हणजे पेटी. ज्याला सगळेच आवडतात तो ‘डीडी’, हा शब्द थोडा टोमणा म्हणूनच वापरतात. एकाच सीडीच्या थप्प्या रचणं म्हणजे ‘त्सुमु’. कार्यक्रमात त्रास देणारा ‘याक्काई’. आणि कलाकाराच्या हातून फोटो किंवा पोस्टर घेण्याचा कार्यक्रम ‘ओवाताशिकाई’. तिथे समोर मिळतात जेमतेम काही सेकंद. शेजारी उभा कर्मचारी वेळ संपली की खांद्याला हात लावून पुढे सरकवतो, त्याला ‘हागाशी’, म्हणजे सोलून काढणारा, म्हणतात. त्यामुळे बोलायचं वाक्य एकच ठेवावं आणि उत्तर देता येईल असं ठेवावं. ‘तुमची मी खूप मोठी चाहती आहे, मी भारतातून आले आहे आणि...’ इथेच वेळ संपते. ‘अमुक भागातली रडण्याची ओळ फार आवडली’ एवढं पुरतं. पत्र चालतं, पण एजन्सी ते आधी उघडते. खाण्याचे पदार्थ आणि वापरलेल्या वस्तू सहसा घेत नाहीत.

तिकिटाचं गणित म्हाडाच्या सोडतीसारखं आहे: अर्ज करा आणि देव पाण्यात ठेवा. पहिली सोडत असते ती ब्लू-रे किंवा सीडीत आलेल्या कोडने. एका कोडवर एक अर्ज, एका अर्जावर बहुधा दोन तिकिटं. यात लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. मग चाहता-क्लबची सोडत, मग तिकीट कंपन्यांची, आणि शेवटी खुली विक्री, जी लोकप्रिय गटांची काही मिनिटांत संपते. जागा निवडता येत नाही. लागल्यावर ठरलेल्या मुदतीत कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये जाऊन पैसे भरायचे. मुदत चुकली तर तिकीट गेलं. परदेशी माणूस अडकतो तो दोन जागी. खात्याला जपानी मोबाइल क्रमांक लागतो आणि ई-तिकीट त्याच क्रमांकाच्या फोनवर उघडतं. सोबत्याचं नावही अर्जातच द्यावं लागतं आणि दारात ओळखपत्र तपासलं जाऊ शकतं. जास्त पैसे मोजून दुसऱ्याचं तिकीट घेण्याच्या फंदात पडू नये. जून २०१९ पासून नफेखोर पुनर्विक्री गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड, आणि तुमचं तिकीट रद्द होतं ते वेगळंच. जुन्या मालाच्या दुकानात ब्लू-रे अगदी स्वस्त दिसली तर समजावं की आतला कोड वापरून झालेला आहे.

सभागृहात हातात पेनलाइट, म्हणजे हलवायची दिव्याची कांडी, हवा. प्रत्येक पात्राचा रंग ठरलेला असतो, तिचं एकल गाणं आलं की सगळं सभागृह त्या रंगाचं होतं. बटण दाबून बारा-पंधरा रंग बदलणारा घ्यावा. त्यात बहुतेकदा ट्रिपल-ए आकाराच्या तीन बॅटऱ्या बसतात. बॅटरी उतरू लागली की आधी निळा, हिरवा आणि पांढरा फिके पडतात, लाल शेवटपर्यंत टिकतो, कारण लाल एलईडीला कमी व्होल्टेज पुरतं. पांढरा लावूनही गुलाबी-पिवळा दिसत असेल तर रंग चुकलेला नाही, बॅटरी संपत आलेली आहे. ज्यांचा ओशी निळा, त्यांनी नवा संच खिशात ठेवावाच. मनगटाची दोरी विसरू नये, हातातून सुटलेला पेनलाइट पुढच्याच्या डोक्यात बसतो.

याखेरीज ‘अल्ट्रा ऑरेंज’ नावाची रासायनिक कांडी असते. वाकवली की आतली काचेची नळी फुटते, दोन द्रव मिसळतात आणि झगझगीत नारिंगी उजेड पडतो, पण पूर्ण तेज पाचेक मिनिटंच. म्हणून ती गाण्याच्या ऐन चढावर मोडायची. जोरात आपटून किंवा दोनदा वाकवून बाहेरचं प्लास्टिक तडकलं तर द्रव डोळ्यांत उडू शकतो. काही कार्यक्रमांत या कांड्यांना बंदी असते, नियमपत्रक आधी वाचावं.

ओरडण्याचंही शास्त्र आहे. भजनात बुवांनी ओळ सोडली की टाळकरी धृपद धरतात, तसं गाण्याच्या रिकाम्या जागी प्रेक्षक ठरलेल्या हाका देतात. काही गटांचे चाहते त्यांची पुस्तिकाही छापून वाटतात. ‘तायगा, फायया, सायबा, फायबा...’ ही लांबलचक आरोळी आयडॉलांच्या छोट्या सभागृहांतून आली. सेइयूंच्या कार्यक्रमांत ती अनेकांना खटकते. खटक्याचं कारण साधं आहे. लोक तिथे मूळ आवाज ऐकायला आलेले असतात आणि हळव्या गाण्याच्या मधल्या शांततेत कुणी वाघासारखा ओरडला तर ज्यासाठी पैसे मोजले तेच बुडतं. बऱ्याच आयोजकांनी अशा आरोळ्यांवर आता लेखी बंदी घातली आहे. आणखी एक पथ्य: गटाच्या कार्यक्रमात पात्राच्या नावाने हाक मारणं ठीक, पण सेइयूच्या स्वतःच्या कार्यक्रमात तिचंच नाव घ्यावं. सभागृहाच्या मागच्या दाराशी वाट पाहत थांबू नये.

मुंबईसाठीही २०१७ मध्ये एकेबी४८ चा भगिनी-गट जाहीर झाला होता, एमयूएम४८ असं नावही ठरलं होतं. तो उभा राहिलाच नाही. त्यामुळे इथल्या चाहत्याचा मार्ग म्हणजे ऑनलाइन प्रक्षेपण. तिकीट काढण्याआधी विक्री परदेशासाठी खुली आहे का आणि देशांच्या यादीत भारत आहे का हे पाहावं, आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवावेत, नाहीतर पैसे भरताना ऐनवेळी गाडी अडते. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे: तिथला संध्याकाळी सहाचा कार्यक्रम इथे दुपारी अडीचला सुरू होतो. नंतर पुन्हा पाहायची सोय असते, पण मोजके दिवस. तीन तासांचा कार्यक्रम असेल तर एन्कोर (प्रेक्षकांच्या आग्रहाखातर शेवटी होणारी जादा गाणी) येईपर्यंत इकडे चहाची वेळ झालेली असते. त्याच सुमारास बहुधा मोठ्या पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची घोषणा होते आणि पहिल्या सोडतीचा कोड कुठल्या डिस्कमध्ये मिळणार, हे तिथेच खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.